निर्जळी पंचवीस तास आणि त्याआधीचे चाळीस दिवस

यंदाचं योम किप्पूर, म्हणजे आम्हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा निर्जळी उपास, बुधवारी, १ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी लागलं आणि २ ऑक्टोबरला दिवेलागणीनंतर सुटलं. त्याच दिवशी दसरा आणि गांधी जयंती, त्यामुळे रजेचा प्रश्न मिटला. एरवी हा दिवस महाराष्ट्राच्या सार्वजनिक सुट्ट्यांत नसतो. राज्य सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तरी रजेचा अर्ज आपला आपणच करायचा असतो. पुढच्या वर्षी योम किप्पूर २० सप्टेंबर २०२६ च्या रविवारी संध्याकाळी लागून सोमवारी सुटेल. अधिक महिना असल्यामुळे ते गणपतीत येतंय. सोमवारची रजा ऑगस्टमध्येच टाकून ठेवा. ज्या वर्षी आदला दिवस कामाचा असेल, तेव्हा त्या दिवशी दुपारनंतरचीही अर्धी रजा लागते. हे बहुतेकांना आयत्या वेळी आठवतं.

तारीख इंग्रजी कॅलेंडरात सरकत असली तरी तिथी ठरलेली आहे: तिश्री या हिब्रू महिन्याची दशमी. आपला आश्विन आणि तिश्री दोन्ही चांद्र, म्हणून अधिक महिने जुळले की दसरा आणि किप्पूर एकमेकांशेजारी येतात. २०२४ मध्येही १२ ऑक्टोबरला दोन्ही एकत्रच होते. जुळले नाहीत की किप्पूर भाद्रपदात जातं. शुक्रवारी किंवा रविवारी त्याची आदली संध्याकाळ येऊ शकते, दिवस मात्र कधीच येत नाही. हिब्रू पंचांग तशाच हिशेबाने बांधलेलं आहे.

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत या दिवसाचं जुनं नाव दारफाळणीचा सण, म्हणजे दारं बंद करण्याचा. कोकणात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, नव्हती तेव्हा लोक पांढरे कपडे घालून घराची दारं लावून बसत आणि रोजा धरत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझेकियल दिवेकरांनी बांधलं, आजचं शाआर हारहमीम. आमच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला मशीद आणि प्रार्थनेला नमाज म्हणत. मस्जिद बंदर स्टेशनाच्या नावाचा धागाही त्याच वास्तूशी जोडतात.

पहिल्यांदा पूर्ण रोजा धरणारे, बऱ्याच वर्षांनी परत येणारे आणि घरातल्या आजारी माणसाचं काय करायचं हे न कळणारे अशा सगळ्यांना हा दिवस धडकी भरवतो. भीती भुकेची असते. खरं तर भूक हा त्यातला सोपा भाग आहे. अडतं ते तहानेपाशी, चहापाशी आणि त्याहून जास्त माफी मागायच्या फोनपाशी. तिन्हींची तयारी आधी करावी लागते.

एलूल: पहाटेचे सिलिहोत

यंदा एलूल, म्हणजे तिश्रीच्या आधीचा महिना, २५ ऑगस्टला लागला. सेफार्दी रीतीप्रमाणे आमच्याकडे सिलिहोत, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना, जवळजवळ महिनाभर पहाटे म्हणतात. शाब्बाथला, म्हणजे शनिवारी, नसतात. रोज जाणं नोकरीवाल्याला झेपत नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी जावं. कारण व्यवहारी आहे: किप्पूरच्या दिवशी ज्या चाली तासन् तास चालतात, त्यांतल्या बऱ्याच इथे कानावर पडतात. ‘अदोन हासलिहोत’ तोंडात बसलेलं असलं की त्या दिवशी पुस्तकात बोट हरवत नाही. हिब्रू वाचता येत नसेल तर मराठी लिपीत लिहिलेली प्रार्थनेची पुस्तकं मिळतात. सिनेगॉगमध्ये प्रती मोजक्या असतात आणि त्या दिवशी अपुऱ्या पडतात, म्हणून महिनाभर आधी मागून ठेवा. पानं आधी खुणांच्या पट्ट्या घालून ठेवा. संध्याकाळ, सकाळ, मुसाफ (सकाळनंतरची जादा प्रार्थना), मिन्हा (दुपारची) आणि नेइला (शेवटची) अशा पाच पट्ट्या पुरतात.

नवं वर्ष ५७८६ हे २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागलं. घटस्थापनाही त्याच दिवशी होती. चिकाचा हलवा झाला, शोफार (मेंढ्याचं शिंग) वाजवून झाला आणि तिथून दहा दिवस मोजायला लागले. बाहेर नवरात्राचे उपास चालू, गरब्याचे लाऊडस्पीकर चालू. शेजारच्या काकूंनी मायेने साबुदाण्याची खिचडी आणि केळी देऊ केली, तर ‘आमचा उपास निर्जळी असतो, थुंकीखेरीज काही नाही’ एवढंच सांगायचं. निर्जळी हा शब्द मराठी माणसाला लगेच कळतो. पुढचे प्रश्न थांबतात.

माफीची यादी

मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, योमा या भागात, आठव्या अध्यायात नियम स्पष्ट आहे. माणूस आणि देव यांच्यातल्या चुका हा दिवस धुऊन काढतो. माणसामाणसांतल्या चुका, समोरच्याची समजूत काढल्याशिवाय, धुऊन काढत नाही. म्हणजे अख्खा दिवस छाती बडवली तरी भावाचे अडकवलेले पैसे भावालाच परत करायचे असतात.

कागदावर यादी करा. घरातली माणसं, ऑफिसातली, सोसायटीतली. गटावर टाकलेला ‘कळत-नकळत चुकलं असेल तर माफ करा’ हा संदेश यात धरू नका. ज्याचं खरंच काही बिघडवलं आहे, त्याला तो मिळून न मिळाल्यासारखा असतो. फोन करायचा, नेमकी गोष्ट सांगायची, कारणं द्यायची नाहीत. पैशांचा व्यवहार असेल तर आधी पैसे, मग फोन. समोरचा बधला नाही तर तीनदा जायचं, शक्यतो दर वेळी वेगळ्या पद्धतीने. तीनदा मनापासून विचारूनही नकार आला तर आपल्याकडून झालं. माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जाऊन म्हणायचं, अशी रीत आहे.

फोन नवव्या दिवसावर ढकलू नका. त्या दिवशी सगळेच फोन करतात, लाइन मोकळी मिळत नाही आणि बोलणं दोन मिनिटांत उरकतं. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत अवघड नावं संपवायची. सोपी नावं शेवटी ठेवली तरी चालतात.

कपारा, म्हणजे प्रायश्चित्ताचं दान, हेही याच दिवसांत. कुणी कोंबडं डोक्यावरून फिरवून गरिबाला देतं, कुणी तेवढे पैसे दान करतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला पैसे सोयीचे.

शरीराची तयारी

सकाळी अकराला डोकं ठणकायला लागतं ते बहुतेकदा चहा सुटल्यामुळे. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्याने आठ दिवस आधी सुरुवात करावी: दर दोन दिवसांनी एक कप कमी, शेवटचे दोन दिवस अर्ध्या कपावर. यंदा रोश हाशानाचे, म्हणजे नव्या वर्षाचे, पाहुणे गेल्यावर, २५ सप्टेंबरला, आम्ही घरात सगळ्यांनी मिळून कमी केला. एकट्याने होत नाही, कारण घरात आधण उकळत असतं. २५ला गेदल्याच्या नावाचा, नव्या वर्षानंतर लगेच येणारा रोजाही होता. तो पहाटे ते रात्र असा छोटा असतो आणि शरीर कुठे कुरकुरतं ते त्यात कळतं.

पाणी आदल्या दोन दिवसांत थोडंथोडं, दर तासाला एक पेला. शेवटच्या जेवणावर लिटरभर पाणी ढोसलं तर ते उंटासारखं साठत नाही. कोल निद्रे, म्हणजे त्या संध्याकाळची पहिली प्रार्थना, चालू असताना बाहेर पळावं लागतं, एवढंच. ऑक्टोबरची उष्णता लक्षात घ्या. घामाने जाणारं पाणी भुकेपेक्षा महाग पडतं, म्हणून दुपारी उन्हात चालणं टाळण्याजोगी जागा आधीच ठरवा.

आता आजारी माणसांचं. यात संकोच करणारे लोक दर वर्षी भेटतात. जिवाला धोका असेल तर रोजा धरायचा नाही, हाच धर्मनियम आहे. डॉक्टरने खायला सांगितलं तर खाणं हेच त्या दिवसाचं पालन. मुलींना बारा आणि मुलांना तेरा वर्षं पुरी झाल्यावर पूर्ण रोजा लागतो. त्याआधी नऊ-दहा वर्षांपासून काही तासांची सवय लावतात. बाळंतीण पहिले तीन दिवस रोजा धरत नाही. त्यापुढे सातव्या दिवसापर्यंत ती गरज आहे म्हणाली की तिला खायला द्यायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला एरवी रोजा आहे, पण तिने डॉक्टरला विचारल्याशिवाय धरू नये.

मधुमेह, मूत्रपिंड, रक्तदाब, फिट यांच्या गोळ्या असतील तर पंधरा दिवस आधी डॉक्टरकडे जा. जाताना ‘उपास करू का’ एवढंच विचारू नका. ‘पंचवीस तास अन्न-पाणी दोन्ही नाही’ असं स्पष्ट सांगा, कारण उपास म्हटल्यावर डॉक्टरच्याही डोळ्यांसमोर फलाहार येतो. इन्सुलिन आणि साखरेच्या काही गोळ्या उपाशीपोटी धोक्याच्या ठरतात. त्यांचा डोस डॉक्टरच ठरवणार.

ज्यांना थोडं खाणं आवश्यक आहे पण एकदम जेवण लागत नाही, त्यांच्यासाठी मापाने खायची पद्धत आहे. अन्न एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा कमी, मग सुमारे नऊ मिनिटं थांबायचं, मग पुन्हा. पाण्याचं माप ज्याच्या त्याच्या तोंडावर: एक गाल फुगेल त्यापेक्षा कमी, मोठ्या माणसात साधारण ४० मिलिलिटरच्या आत. ते आदल्या दिवशीच मोजा. तोंडात पाणी घेऊन औषधाच्या मापात टाका, खूण करा आणि तेच माप उशाशी ठेवा. हे माप रोजा वाचवण्यासाठी आहे. चक्कर, घाम, थरथर सुरू झाली की मापं बाजूला ठेवून लगेच साखर-पाणी द्यायचं.

चामडं, दिवे आणि इतर वस्तू

मनाई पाच गोष्टींची: खाणं-पिणं, अंघोळ, तेल-अत्तर, चामड्याची पादत्राणं आणि शरीरसंबंध. यातली चौथी लोक चुकवतात. कोल्हापुरी बाद. बाहेरून रेक्झिनचे दिसणारे बूटही कधीकधी आतून चामड्याचे निघतात. बुटाच्या जिभेवर छापलेलं चिन्ह बघा: पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, शंकरपाळ्यासारखा साधा चौकोन म्हणजे इतर, बहुतेकदा कृत्रिम, विणीची जाळी म्हणजे कापड. पांढरे कापडी बूट तीन-चारशे रुपयांत मिळतात, पण दिवसभर उभं राहायचं असल्यामुळे आठवडाभर आधी घालून पायात बसवा. पट्टा आणि घड्याळाचा पट्टा चामड्याचा चालतो. मनाई पायातल्यापुरतीच आहे.

घरात पितरांच्या नावाने दिवा लावतात. पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यावर तरंगती वात. तो पंचवीस तास टिकायला हवा. आदल्या आठवड्यात एक रात्र लावून किती तेल उतरतं ते बघा आणि दुसऱ्या दिवसाच्या रात्रीपर्यंतचा हिशेब करून थोडं वरच घाला, कारण मध्ये तेल ओतता येत नाही. पंख्याखाली ठेवू नका. सण सुटल्यावर हवदालासाठी, म्हणजे सणाला निरोप देण्याच्या विधीसाठी, असा दिवसभर तेवलेलाच दिवा लागतो, त्यामुळे तो विझला तर शेजाऱ्याच्या किंवा सिनेगॉगच्या ज्योतीवरून लावावा लागतो.

फ्रिजमधला दिवा काढून ठेवा, पंखा चालू किंवा टायमरवर ठेवा, मोबाइल बंद करून कपाटात टाका. गजर लागला तर दिवसभर वाजत राहतो.

सिनेगॉगशी तीन कामं आधी उरकायची. हशकाबा या मृतांसाठीच्या प्रार्थनेसाठी त्यांची पूर्ण नावं हझानकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याकडे, आदल्या दिवशीपर्यंत लिहून द्यायची, कारण त्या दिवशी लिहिणं बंद. बाहेरगावचे पाहुणे येणार असतील तर त्यांच्या ओळखपत्राची प्रत आधी पोचवायची. २००८ च्या हल्ल्यानंतर दारावर पोलीस असतात आणि ओळख नसलेल्याला उभं राहावं लागतं. त्यात मुकादमांना, म्हणजे सिनेगॉगच्या प्रमुखांना, बोल लावण्यात अर्थ नाही. तिसरं, रात्री चालत परतता येईल इतक्या जवळ झोपायची सोय. लांब राहणारे बरेच जण गाडीने येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांना पाळायचं आहे त्यांनी नातेवाइकाकडे गादी आधीच सांगून ठेवावी. यंदा तर नवमीची गर्दी होती.

१ ऑक्टोबर

सकाळपासून खाणं ही या दिवसाची आज्ञाच आहे. न्याहारी, दुपारचं जेवण दोन्ही नीट. मासे खायचे तर सकाळी. मिन्हा दुपारी लवकर असते आणि तिथेच पहिला विदुई, कबुली, म्हणतात. जेवणाआधी का, तर जेवताना काही बरंवाईट झालं तर माणूस कबुलीविना जाऊ नये म्हणून. पूर्वजांनी ठसक्याचाही विचार केला होता.

मग अंघोळ, पांढरे कपडे आणि शेवटचं जेवण. यंदा आम्ही पावणेपाचला बसलो. भात, पातळ डाळ, कमी तिखटाचं चिकन, उकडलेला बटाटा, शेवटी खजूर आणि पेलाभर पाणी. लोणचं, पापड, सुकट, तळण नाही: मीठ तहान लावतं, तिखट रात्री जळजळतं. जेवण साडेपाचला आटोपलं, दात घासले. मुंबईत सूर्यास्त साडेसहाच्या किंचित आधी होता. सण त्याआधीच धरायचा, म्हणून सहाला दिवे लागले. दिवे लावण्याआधी आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. यासाठी दहा मिनिटं मोकळी ठेवा. घाईत ते राहून जातं आणि मग दिवसभर टोचतं.

वर्षात ही एकच संध्याकाळ जेव्हा तल्लीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, रात्रीच्या प्रार्थनेलाही अंगावर असतो. तो घेतानाचा ब्राखा (आशीर्वचन) म्हणायचा तर उजेड आहे तोवर घ्या. हेखाल (तोरा ठेवायचं कपाट) उघडतात, सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) तेबापाशी (वाचनाच्या चौथऱ्यापाशी) आणतात आणि कोल निद्रे तीनदा म्हणतात. भाषा अरामी आहे आणि मजकूर कायद्याच्या दस्तऐवजासारखा, नवसांची आणि शपथांची सुटका. माणसांना दिलेली वचनं यात सुटत नाहीत, ती यादीतच राहतात. पहिल्यांदा आलेल्याला शब्द कोरडे वाटतील. चाल तशी नाही. रात्री साडेआठ-नऊला मोकळे होतो. लगेच झोपा.

२ ऑक्टोबर

उठल्यावर हात फक्त बोटांच्या पेऱ्यांपर्यंत धुवायचे, ओल्या बोटांनी डोळे पुसायचे. चूळ नाही. तोंडाचा वास सगळ्यांच्याच येतो, त्यामुळे कोणी लाजत नाही.

सकाळच्या वाचनात तोरातल्या लेवीय या पुस्तकाचा १६वा अध्याय: मुख्य याजक, दोन बोकड, एक देवासाठी आणि एक रानात सोडायचा. त्यानंतर यशया ५७-५८, जिथे संदेष्टा विचारतो की उपाशी राहून मजुरांना राबवता, हा कसला उपास? दर वर्षी ते वाचताना मागच्या बाकांवर चुळबूळ होते.

विदुईत हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने एकेक पाप म्हणताना छातीवर मूठ टेकवायची. बडवायची नाही, चोवीस तासांत हे दहा वेळा येतं. सगळं ‘आम्ही’ असं अनेकवचनात आहे, मी चोरी केली असं नाही. पहिल्यांदा म्हणणाऱ्याला त्याने जरा धीर येतो.

मुसाफ सगळ्यात लांब. त्यात यरुशलेमच्या प्राचीन मंदिरातल्या सेवेचं वर्णन येतं आणि काही ठिकाणी लोक जमिनीवर लवतात. उपाशीपोटी लवून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी गुडघ्यावर, श्वास, मग उभं राहा. शेजारी वयस्क माणूस असेल तर हात द्या.

दोन ते चार हा खरा खड्डा. मुसाफ संपलेला, मिन्हा लागायची, गळा कोरडा, बाहेर दसऱ्याचे ढोल आणि झेंडू. घरी जायचा मोह होतो. जवळ राहत असाल तर सावलीने जा, पंख्याखाली आडवे व्हा, पण तासाभराने उठवायला कुणालातरी सांगून ठेवा, कारण गजर नाही. लांब राहणाऱ्याने सिनेगॉगच्याच बाकावर डोळे मिटावेत. गप्पा मारू नका, तोंड सुकतं. मिनियन टिकवणंही याच वेळी कठीण जातं. कोकणातल्या लहान सिनेगॉगमध्ये दहा पुरुषांची जमवाजमव मुंबईहून माणसं बोलावून करावी लागते. तिथे एक जण झोपून राहिला की प्रार्थना अडते.

मिन्हाला योनाची गोष्ट. देवापासून पळणारा माणूस, मासा आणि एका रोपट्यावरून झालेला त्याचा रुसवा. कंटाळलेली पोरं इथे परत आत येतात.

मग नेइला. शब्दाचा अर्थच कुलूप लावणं. ‘एल नोरा अलिला’ सुरू झालं की दिवसभर पुटपुटणारे लोक मोठ्याने गायला लागतात, आवाज कुठून येतो कळत नाही. हेखाल उघडा असताना उभं राहायचं असतं. पाय थरथरत असतील तर बसा, पण भिंतीला टेकून उभं राहायची जागा साडेपाचलाच पकडलेली बरी. दारफाळणी हे नाव या घटकेला सगळ्यांत जास्त पटतं. शेवटी शेमा ही प्रार्थना, आणि शोफार. यंदा सातच्या सुमारास वाजला.

सुटल्यावर

लगेच पाण्यावर तुटून पडू नका. आधी रात्रीची प्रार्थना, मग हवदाला. वाइनऐवजी आमच्याकडे मनुकांचं सरबत असतं. ते आदल्या दिवशीच मनुका भिजवून, कुस्करून, गाळून फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं. यंदा गुरुवार असल्याने सुगंधाचा ब्राखा नव्हता, फक्त प्याला आणि ज्योत. बाहेर दशमीचा चंद्र वर आला होता, त्यावरचा ब्राखा तिथेच रस्त्यावर झाला.

सरबत, दोन खजूर, अर्धा पेला पाणी, दहा मिनिटं थांबा. मग चहा-बिस्किट. पहिल्याच घासाला पुरी-मटण घेतलं की रात्रभर पोट धरून बसावं लागतं. मऊ भात आणि पातळ रस्सा तासाभराने. गोळ्या असणाऱ्यांनी खाण्याच्या आधी साखर तपासावी.

दुसरा दिवस शिळा सण. शुक्रवार, ३ ऑक्टोबर. नातेवाइकांकडे जाणं, गरिबांना देणं आणि सिनेगॉगला कबूल केलेली रक्कम भरणं. सेफेर तोरा उचलण्याचे, हेखाल उघडण्याचे मान अनेक ठिकाणी बोली लावून घेतात. त्या दिवशी लिहिता येत नसल्यामुळे सगळं तोंडी असतं आणि आठवणीवर राहतं. म्हणून शुक्रवारी सकाळीच जा, पावती घ्या. दुपारनंतर कार्यालय शाब्बाथसाठी बंद होतं, आणि सोमवारी संध्याकाळी, कोजागिरीच्याच रात्री, सुक्कोत हा मांडवांचा सण लागतो. आमच्या गच्चीवर त्याच्या मांडवाचा पहिला बांबू किप्पूर सुटल्यावर रात्री साडेनऊलाच बांधून झाला होता. उरलेले तीन आणि झावळ्या रविवारी.